पाची कमांड माझ्या बोर्डावर

पहिल्याच दिवशी मला खटकला तो भिंतीवरचा नकाशा.

लष्कराच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून रुजू झाले होते. खुर्चीत बसायच्या आधीच नजर वर गेली. देश पाच रंगांत रंगवलेला, नागपूरवर लाल टाचणी. नागपूर म्हणजे देशाचा मधोमध, हे शाळेपासून घोकलेलं. आणि इथे मध्य कमांडचा पिवळा रंग लखनौकडून खाली येऊन आमच्या वेशीबाहेरच थांबलेला! आम्ही पुण्याच्या, दक्षिण कमांडच्या हिरव्या रंगात. नकाशा चुकलाय आणि हे सांगायची वेळ माझ्यावरच येणार, या विचाराने मला घामच फुटला.

आमच्याकडे किस्से फार साचतात, त्याला कारण आहे. लाइनवरचं बोलणं ऐकायची आम्हाला सक्त मनाई. दिवसभर हजार तोंडं जोडून द्यायची आणि एकही शब्द ऐकायचा नाही! मग बोलायला उरतं काय? एकमेकांच्या फजित्या. डबा उघडला की एक फजिती निघते, डबा धुवायच्या आत दुसरी.

हे किस्से बहुतेक माझ्या पहिल्या हिवाळ्यातले. माझा धाकटा भाऊ मधू फौजेत, पलटणीच्या टेलिफोनवर; तेव्हा उत्तरेकडे कुठेतरी होता. कुठे, ते आम्हाला ठाऊक नाही. फौजी पत्त्यात गाव नसतंच. नंबर, नाव, पलटण आणि खाली फक्त ५६ एपीओ, म्हणजे लष्करी टपालघर. दर पंधरा दिवसांनी येणारं त्याचं पत्र दोन महिने आलं नव्हतं. त्यामुळे हसत असले तरी माझा एक कान कायम उत्तरेच्या लाइनीवर असायचा.

*

नकाशाची चूक मी दुपारी धीर करून सुभेदारसाहेबांच्या कानावर घातली. साहेब साताऱ्याकडचे, लष्कराच्या सिग्नल्स दलात वीस वर्षं काढलेले, आमच्या एक्स्चेंजचे प्रमुख.

"साहेब, नागपूर मध्यात आहे."

"आहे."

"मग मध्य कमांडमध्ये नको का?"

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, गेली नोकरी!

"बाई, कमांड पट्टी लावून मध्य काढून वाटत नाहीत. शत्रू कुठून येईल, कुमक कुठून पोचेल, ते बघून वाटतात. तुमचं घर गावाच्या मधोमध आहे म्हणून तुम्ही सरपंच होता का?"

मागून शांताबाईंचा आवाज आला, "ह्या पोट्टीचं काय सांगता, साहेब! आठ दिवसांत हे आर्मीच बदलवते!"

*

शांताबाई आमच्या सीनियर. पंधरा वर्षं बोर्डावर. मला सगळी व्यवस्था त्यांनीच समजावली, तीही डबा खाता खाता.

"लग्नाची पंगत पाह्यली ना वं? पाच रांगा, पाच मुख्य वाढपी. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अन् मध्य. एकेकाच्या हाताखाली अजून चार-चार. त्याले एरिया म्हन, सब-एरिया म्हन. ज्यानं त्यानं आपलीच रांग पाहाची. दुसऱ्याच्या पानात वरन नाही वाढाचं!"

"आणि कोणाच्या रांगेत वरण संपलं तर?"

"तर थेट शेजाऱ्याची बादली नाही उचलाची. यजमानाले सांगाचं. यजमान दिल्लीत बसला हाय. तो म्हनंन, दे रे बाबू ह्याले तुही बादली."

कॉलेजात मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले. तीन वर्षांत जे समजलं नाही ते मला वांग्याच्या भाजीबरोबर समजलं!

*

ही पंगतीची शिस्त कॉललाही लागू. दुसऱ्या कमांडला लावायचा कॉल आधी आपल्या कमांडच्या दारातून जायचा, मग त्यांच्या दारातून आत.

एकदा एका मेजरसाहेबांना जबलपूर हवं होतं. नागपूरहून जबलपूर ते किती! सकाळी बसावं, संध्याकाळी पोचावं. पण जबलपूर मध्य कमांडचं. म्हणून मी नागपूरहून पुणे लावलं, पुण्याहून लखनौ, लखनौहून जबलपूर. देशाला अर्धी प्रदक्षिणा! मध्येच लाइन तुटली, पुन्हा पुणे, पुन्हा लखनौ.

दीड तासाने मेजरसाहेब स्वतःच आले. मी ताडकन उभी राहिले. हेडफोनची वायर गळ्यात, म्हणून पुन्हा खाली बसले.

"मिस, तुम्ही लखनौला असाल तेव्हा एक काम करा. तिथे माझी सासू राहते. तिला नमस्कार सांगा!"

*

मी दचकते, हे सगळ्या एक्स्चेंजला माहीत आहे. कॉल आला की बोर्डावरची छोटी झडप खटकन पडते. तेवढ्यानेही मी दचकते. शांताबाई म्हणतात, "झडप पडली का ही उडते, ही बसली का झडप पडते!"

एका सकाळी तीन झडपा एकदम पडल्या. मी दचकले आणि हातातली दोरी, म्हणजे दोन लाइनी जोडणारी वायर, ओढली गेली. ती दोरी होती खुद्द आमच्या कर्नलसाहेबांच्या चालू कॉलची! लगेच त्यांची झडप पुन्हा पडली.

अशा वेळी काय म्हणायचं, हे जगातल्या प्रत्येक ऑपरेटरला पाठ असतं. "साहब, लाइन खराब है." शांताबाई ओठ हलवून तेच सुचवत होत्या. माझ्या तोंडून निघालं, "सर, माझा हात लागला. लाइन चांगली आहे."

कर्नलसाहेब म्हणाले, "सत्तावीस वर्षं सर्व्हिस झाली. लाइन चांगली आहे असं म्हणणारी तुम्ही पहिली ऑपरेटर. लावा पुन्हा."

सुभेदारसाहेबांना हे कळलं. दुसऱ्या दिवसापासून पाची कमांडचे सगळे ट्रंक, म्हणजे लांब पल्ल्याचे, कॉल माझ्या बोर्डावर आले. त्या संध्याकाळी लकडगंजला आत्याच्या घरी सायकलवरून जाताना मी घंटी उगाचच वाजवत गेले!

*

त्या सुमाराला उत्तरेची कमांड उधमपूरला नवीनच झालेली. त्याआधी तिकडचं सगळं पश्चिमेच्या हाताखाली, सिमल्याहून चालायचं. मी शिकले ते जुन्या वहीवरून. त्यामुळे उधमपूर म्हटलं की मी पुण्याकडे आपोआप सिमलाच मागायचे.

दोन दिवस सिमल्याच्या ऑपरेटरने ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बहनजी, छोटा भाई अलग हो गया. उसका चूल्हा अब उधर जलता है!"

शांताबाई पोट धरून हसल्या. मीही हसले. मग डबा खाताना मनात आलं, नवीन चूल मांडताना पलटणी इकडून तिकडे हलल्या असतील. मधूची हलली असेल का? पत्र म्हणूनच नसेल का? घास तसाच राहिला.

*

आणि एक दिवस गेटवरून निरोप आला की कोणी म्हातारेबुवा आलेत आणि हटायला तयार नाहीत.

बाबा होते. गावाहून, भिवापूरहून, पहिल्या एसटीने आलेले, हातात लाल मिरच्यांची पिशवी. पहाऱ्यावरचा संत्री विचारत होता, "किससे मिलना है?" आणि बाबा छाती काढून सांगत होते, "जिच्या हातात पाची कमांड हाय, तिले!"

संत्री गोंधळला. पाची कमांड एका माणसाच्या हातात म्हणजे दिल्लीचे मोठे साहेबच! तो सावधान झाला. तेवढ्यात मी धावत पोचले, वेणी सुटलेली, चप्पल एका पायात. त्याने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि हसू दाबून कडक सलाम ठोकला. मला की बाबांना, ते अजून कळलेलं नाही. बाबा म्हणतात, "तुलेच!"

पण झाडाखाली बसल्यावर बाबांचा आवाज उतरला. "तुही माय जेवत नाही वं धड. तू पाची कमांडशी बोलतं. आपल्या मधूचं काहून नाही विचारत?"

"बाबा, खासगी कॉल करता येत नाही. नियम आहे."

बाबांनी पिशवीची गाठ घट्ट केली. "नियम हाय तं हाय. बाजारात मी सांगतो ना सगळ्याइले, का माही पोरगी नियमानं चालते." मिरच्या माझ्या हातात दिल्या आणि दुपारच्या एसटीने परत गेले.

*

दुसऱ्या दिवशी सुभेदारसाहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. बाबांचं बोलणं मी शांताबाईंना सांगितलं होतं, त्यांनी ते साहेबांपर्यंत पोचवलं असणार. शांताबाई मान खाली घालून दोऱ्या पुसत होत्या. त्या दोऱ्या पाचच मिनिटांपूर्वी पुसून झाल्या होत्या.

"खासगी कॉलचा नियम काय?"

"मनाई, साहेब."

"आणि टेस्टिंगचा?"

"रोज सकाळी प्रत्येक ट्रंक लाइन टोकापर्यंत तपासायची."

"उत्तरेचं टोक आजवर कुठलं धरलंत?"

"उधमपूर, साहेब."

"उधमपूर हे टोक आहे?"

मी बोर्डाकडे पाहिलं.

"कमांडच्या पुढे कोअर, कोअरच्या पुढे डिव्हिजन, मग ब्रिगेड, मग पलटण. टोक म्हणजे पलटण. आज नीट तपासा." आणि साहेब टेबलाशी जाऊन पेन्सिलीला टोक करत बसले.

पुणे लागलं. "टेस्टिंग, पुढे द्या." दिल्ली लागली. उधमपूर लागलं. "कहाँ तक टेस्टिंग, बहनजी?" "आखिर तक." "आखिर तो बहुत दूर है." "मालूम है."

त्यानंतर गावांची नावं संपली. कोअरच्या ऑपरेटरने फक्त "कौन-सी पलटन?" विचारलं. मी नंबर सांगितला. ती कुठे आहे हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. एकेक दार उघडत गेलं, एकेक आवाज बारीक होत गेला. मराठी, पंजाबी, मद्रासी, कुठकुठल्या बोलीची हिंदी! एकानेही "लाइन खराब है" म्हटलं नाही. ब्रिगेडवाला म्हणाला, "उधर बर्फ है, घंटी देता हूँ, उठाया तो उठाया."

घंटी वाजू लागली. मी मोजत होते. अकरा. बारा. शांताबाईंचा हात माझ्या खांद्यावर आला. मी दचकले नाही. एकोणीस. वीस.

खट्ट झालं. वाऱ्याचा आवाज आला आणि कोणीतरी धापा टाकत "हॅलो" म्हणालं.

नियमाप्रमाणे तोंडातून निघालं, "नागपूर... टेस्टिंग. वन, टू, थ्री..."

"टेस्टिंग काहून करून राह्यली वं ताई? बोल ना!"