पाठीवरचा पंप

अकोल्याच्या मोटारस्टँडवर दर्यापूरची गाडी लागली. तिच्यातून मामांचा गडी बोडक्या डोक्यानं उतरला, तेव्हाच मी ओळखलं. "बाई, मालक गेले," एवढंच तो बोलला.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. त्यांना नव्याचा तिटकारा होता असं लोक आता म्हणतात. ते खरं नाही. गावात पहिला रेडिओ त्यांनीच आणला, मामीला शिलाई मशीन घेऊन दिली. ते भीत फक्त कपाशीवर फवारायच्या त्या नव्या औषधाला. डब्यावर कवटीचं चित्र होतं. "अळी मरते म्हनतेत. मंग अळी खानारी पाखरं कावून नाही मरनार?" असं ते विचारत, आणि गाव हसे. दोन हंगाम त्यांनी डबा घरात येऊ दिला नाही. शेजारच्या वावरात बोंडं टपोरी धरली, मामांची अळीनं पोखरली. शेजारच्या धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, साळुंक्या मरून पडू लागल्या... त्यांच्याकडे मामांखेरीज कुणी पाहिलं नाही.

यंदा त्यांचा मुलगा वसंता अडून बसला. "बाबा, तुमच्या पाखरांपायी आमी उपाशी मराचं काय?"

मामा म्हणाले, "आन डबा. पन पंप मी घेतो. तुले लई जगाचं हाय."

भादव्यातलं ऊन, समोरून वारा. तोंडाला रुमाल, अंगात जुना सदरा, आणि पाठीवरचा पंप सारखा त्या सदऱ्यावर गळत होता. दुपारी धुऱ्यावर बसले, डोकं गरगरतं म्हणाले. मग हातपाय ताठले, झटके येऊ लागले. वसंतानं त्यांना बैलगाडीत घातलं. पण अमरावतीच्या दवाखान्यापर्यंत मामा पोचलेच नाहीत. गावानं ऊन लागलं म्हटलं. फवारणी कुणीच थांबवली नाही.

दिवाळी झाल्यावर मी जाऊन आले. मामांची कपाशी बोंडांनी वाकली होती. वसंता माझ्याशी नजर मिळवत नव्हता.

मामांच्या खोलीत त्या दिवशीचा सदरा खुंटीवर तसाच टांगलेला आहे. मी धुवायला काढू लागले, तर मामीनं हात धरला. "राहू दे, बाई. त्यायच्या घामाचा वास हाय त्याले."

सदऱ्याखालीच, त्यांच्या फोटोपुढे गुळाचा खडा ठेवलेला होता. घरभर मुंग्यांच्या रांगा... त्या खड्याला मात्र एक मुंगी नव्हती, माशी नव्हती.

मामी आता त्याच खोलीत झोपते.