रवळूची मोटारीतली ओल्या मातीची कुंडी

रवळू सुतार निपाणीचा. बाप तंबाखूच्या वखारीत, आई वखारीत, आणि मिसरूड फुटायच्या आधी रवळूही वखारीत. पण तंबाखूच्या धुळीनं त्याला अशा शिंका यायच्या की शेजारच्या बायका काम सोडून त्याच्याकडं बघत हसत बसायच्या. शेवटी तो बेळगावला पळाला आणि एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं राहून काम शिकून आला. हे साधारण १९३८ सालचं. निपाणीत तेव्हा रेडिओ मोजकेच होते, त्यामुळं कामही मोजकंच होतं.

त्यातला एक रेडिओ त्याच वखारीचे मालक, बिडीवाले मारुतीराव यांच्या घरी. तो रवळूनंच बसवला. परसात खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून तांब्याची पट्टी पुरली, तिची तार रेडिओला जोडली आणि मालकीणबाई शालूबाईंना सांगितलं, "आक्का, ह्या खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी घाला. माती ओली, तर आवाज स्वच्छ."

शालूबाई रोज सकाळी आधी तुळशीला आणि मग रेडिओच्या खड्ड्याला पाणी घालू लागल्या. रेडिओ खणखणीत वाजत राहिला. अर्थिंग म्हणजे ओली माती, हे रवळूच्या डोक्यात तिथं पक्कं झालं.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या उरसात आपल्या मोटारीवर कर्णा लावून बिडीची जाहिरात करायची, असं मारुतीरावांच्या मनात आलं. त्यांनी रवळूला बोलावलं.

"वाजवून दाखव. वाजलं तर वखारीची पुढची पडवी तुझ्या दुकानाला. न्हाय वाजलं तर उरूस संपला की परत वखारीत ये. उगंच हिंडू नको."

रवळूला नुसत्या वखारीच्या नावानं शिंक आली.

त्यानं टपावर कर्णा बांधला, मागच्या सीटवर ॲम्प्लिफायर ठेवला, मोटारीच्या बॅटरीवरून तार ओढली. इंजिन बंद असताना आवाज छान. इंजिन चालू केलं की कर्ण्यातून गिरणीसारखी घरघर. वेग वाढवावा तशी ती चढायची आणि बोलणाऱ्याचा शब्द कळायचा नाही. इंजिन बंद ठेवावं, तर बॅटरी बसायची, आणि मोटार तर बाजारातून फिरवायची होती.

घरघर इंजिनावर वीज करणाऱ्या डायनामोची आहे हे रवळूला माहीत होतं. तिच्यावरचा उपायही बेळगावात कळला होता: कंडेन्सर. अंगठ्याएवढा पत्र्याचा डबा. डायनामोच्या विजेतली खडबड तो उचलतो आणि अर्थला, म्हणजे जमिनीला, नेऊन सोडतो. रवळूनं तो आणला आणि डायनामोच्या अंगावर बोल्टनं बसवला. घरघर तशीच.

"अर्थिंग न्हाय म्हणून," रवळू म्हणाला. "पण पळत्या मोटारीला खड्डा कुठनं आणू?"

शालूबाईंनी परसातली झेंडूची कुंडी उचलून दिली. रवळूनं तिच्यात मीठ-कोळसा घातला, पट्टी पुरली, तार जोडली आणि कुंडी पुढच्या सीटवर ठेवली. ड्रायव्हर मष्णूअण्णा कपाळाला हात लावून बघत होता.

"रवळू, हिला तिकीट लावायचं का फुकट न्यायची?"

"अण्णा, तुम्ही फक्त वळणावर सांभाळा."

उरसाच्या दिवशी सकाळी चाचणीला निघाले. घरघर होतीच. रवळूनं कुंडीत आणखी पाणी ओतलं. पहिल्याच खड्ड्यात कुंडी कलंडून तडकली, तार निघाली आणि मष्णूअण्णाचं धोतर चिखलानं माखलं. रवळू मात्र कर्ण्याकडं कान लावून बसला होता. तार निघाली, तरी घरघर तेवढीच. म्हणजे कुंडी जोडलेली असतानाही काही करत नव्हती.

मष्णूअण्णा शिव्या देत उतरला. बॉनेट उघडून, पान्हा घेऊन, इंजिन चालू ठेवूनच कंडेन्सरचा बोल्ट आवळू लागला. पान्हा कंडेन्सरच्या डब्याला आणि इंजिनाच्या उघड्या लोखंडाला एकदमच टेकला. घरघर गेली. पान्हा काढला, परत आली.

"अण्णा, हलू नका," रवळू म्हणाला. मग खाली वाकून त्यानं बघितलं. डब्याचं अंग हीच त्याची दुसरी तार. ती लोखंडाला भिडायला हवी होती, पण मध्ये लालभडक रंग होता. खंडेनवमीला मोटारीची पूजा करताना मष्णूअण्णानं बॉनेटखालचं सगळं हौसेनं रंगवलं होतं, अगदी डायनामोसकट. बॅटरीची एक तार मोटारीच्या सांगाड्यालाच जोडलेली होती. मोटारीची जमीन म्हणजे तो सांगाडाच.

"एवढा रंग खरवडू द्या."

"पूजा झालेला रंग हाय. खरवडून अपशकुन करतोस व्हय?"

"अण्णा, मला परत वखारीत जायचं न्हाय."

मष्णूअण्णानं हातातला पान्हा खाली ठेवला. मग त्यानंच पटाशी घेतली, डायनामोला नमस्कार केला आणि बोल्टाखालचा रंग लोखंड चकाकेपर्यंत खरवडला. त्या जागी हळदीचं बोट लावायला गेला, तेव्हा रवळूनं हात धरला. "हळद बाहेरनं लावा. मधी कायबी नको." डबा परत आवळला आणि घरघर गेली.

दुपारी भर बाजारात मोटार उभी राहिली, इंजिन चालू. मारुतीराव भाषणाला मागच्या सीटवर येऊन बसले. मायक्रोफोन मांडीवर घेऊन ते रवळूची वाट बघू लागले. घरघर नाही म्हणजे यंत्र सुरूच नाही, असा त्यांचा समज. रवळू बाहेर कर्णा वळवत होता.

"मष्णू," मारुतीराव हळूच म्हणाले, "पडवी देतो म्हणून बसलो खरा. पण ती सुपारीवाला मागतोय. वाजलं तरी ह्या पोराला मागच्या गोठ्यातच बसवू. त्याला काय कळतंय."

सगळा बाजार मोटारीकडं वळला. बांगड्यांच्या दुकानातली एक म्हातारी म्हणाली, "मालक, झ्याक ऐकू येतंय. पोराला पडवी द्या की."

मारुतीरावांनी मायक्रोफोनकडं बघितलं, मग बाजाराकडं. बिडीचं नाव घ्यायच्या आधी त्यांना पडवीचं नाव घ्यावं लागलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं.

सुपारीवाला गोठ्यात गेला. रवळूनं पडवीत दुकान मांडलं आणि दाराशी ती तडकलेली कुंडी नवी माती भरून ठेवली. शालूबाई येता-जाता तिच्यात पाणी घालायच्या. रवळूनं त्यांना कधी अडवलं नाही. झेंडू चांगला येत होता.