गेटाबाहेरचं कॉलेज

जिनिंगच्या शेडमधला कापूस कितीही झाडा, कोपऱ्यात पुन्हा साचतोच. आमच्या कॉलेजच्या किश्श्यांचंही तसंच आहे. चार जण चहाला बसले की कुणीतरी म्हणतं, "अरे, ते कपाटाच्या किल्लीचं सांग," आणि ते सांगेपर्यंत दुसरं काहीतरी अंगाला येऊन चिकटतं. सांगायचं काम माझ्याकडं असतं, कारण बाकीच्यांना नोकऱ्या आहेत. मला वेळ आहे. मी कॉलेज सोडलेला माणूस. म्हणजे छाती काढून मी तसं सांगतो. खरं पाहता कॉलेजनंच मला सोडलं, तेही दोनदा!

आणि जिनिंगचं मी उगाच काढलं नाही. आमचं कॉलेजच जिनिंगमध्ये होतं.

* * *

निजामाचं राज्य गेलं आणि परभणीतल्या मोठ्या माणसांना एकदम आमच्या शिक्षणाची काळजी वाटायला लागली. इतकी वर्षं ती काळजी कुठं होती, हे विचारायचं नाही. झरीकडच्या एका जमीनदारांची परभणीतली जिनिंग बंद पडली होती. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. जागा रिकामी, पोरं रिकामी. कॉलेज निघालं, भाऊसाहेब संस्थेचे अध्यक्ष झाले.

उद्घाटनाला ते म्हणाले, "शिकायला इमारत लागत न्हाई, पुस्तकं लागत न्हाईत. वातावरण लागतं, वातावरण!"

शेजारी पुण्याहून आणलेले प्रिन्सिपल साहेब मान हलवत होते. सगळ्यात जास्त टाळ्या मी वाजवल्या. इमारत आणि पुस्तकं मिळणार नाहीत हे त्यात सांगून झालं होतं, तेवढं माझ्या डोक्यात शिरलं नाही.

वातावरण पहिल्याच तासाला कळलं. इंग्रजीचे सर नवा कोट घालून उभे राहिले. आम्ही बहुतेक सगळे उर्दूतून मॅट्रिक झालेले. इंग्रजी लेक्चर कसं असतं, कुणाच्या बापानं पाहिलेलं नव्हतं. सर म्हणाले, "मी म्हणतो तसं माझ्यामागून म्हणा," आणि त्यांनी तोंड उघडलं. वरच्या तुळईवरून वर्षानुवर्षांचा कापूस तरंगत खाली आला आणि सर शिंकले. चांगले मोठ्यानं शिंकले.

सगळा वर्ग उठून उभा राहिला आणि एका सुरात शिंकला!

* * *

गणिताचे सर दुसरे. कडक माणूस. महिनाभर शिकवून झाल्यावर त्यांनी सगळ्यांच्या वह्या मागवल्या. मी खूश. सरांचा शब्द न् शब्द मी उतरवला होता. त्यातलं काहीच कळलं नव्हतं ही गोष्ट वेगळी.

सरांनी पहिली वही उघडली. कोरी. दुसरी उघडली. कोरी. तिसरी, चौथी, सगळी चळत कोरी! सरांनी चळत टेबलावर आपटली. "एक अक्षर नाही? महिनाभरात एक अक्षर नाही?" आणि सगळ्यांना शून्य.

झालं होतं असं, की उर्दू शाळेत वही उलट्या बाजूनं सुरू होते. आमचे हात त्याच सवयीचे. इंग्रजी लिहिलं डावीकडून उजवीकडं, पण पहिलं पान धरलं ते शेवटचं! सरांनी वही त्यांच्या बाजूनं उघडली होती. हे त्यांना सांगायची एकाचीही छाती झाली नाही. मी तर तेव्हाच वर्गातला बंडखोर म्हणून प्रसिद्ध होतो, आणि मी सगळ्यात खाली मान घातली होती.

पास झाला फक्त पाथरीचा मुरली. त्यानं महिनाभर खरोखरच काही लिहिलं नव्हतं. पण वही चोरीला जाईल या भीतीनं पुढच्या आणि मागच्या, दोन्ही पानांवर आपलं नाव टाकलं होतं. सर म्हणाले, "निदान यानं सुरुवात तरी केली आहे!"

* * *

लायब्ररी होती. खोटं कशाला बोला? काचेचं कपाट होतं, त्यात इंग्रजी पुस्तकं होती, आणि कपाटाला कुलूप होतं. किल्ली भाऊसाहेबांकडं, झरीला.

मी सायकल मागून आणली आणि झरी गाठली. भाऊसाहेब ओसरीवर बसले होते. पोरगं पुस्तकासाठी एवढ्या उन्हात आलं म्हणून त्यांचे डोळे भरून आले. चहा पाजला. चार माणसं बोलावून मला दाखवलं. "बघा, असा पाहिजे विद्यार्थी!" मी लाजलो. मग मी किल्ली मागितली.

"किल्ली कशाला?"

"पुस्तक काढायला."

"काढून काय करतूस?"

"वाचतो."

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. "आरं, समदे वाचायला लागले तर खराब व्हतील की! ते वातावरणासाठी ठिवलंय. काचंतून बघ, काचंतून. बघायला तुला कुणी नको म्हणलंय का?"

परत येताना मला फार राग आला होता. संतापानं मी मनातल्या मनात एक भाषण रचलं. पेडगावच्या वाटेला लागेपर्यंत ते इतकं सुंदर झालं की मी स्वतःच सायकल थांबवून टाळी वाजवली. भाषण कुणाला ऐकवलं नाही. कपाट आजही बंद आहे.

* * *

मी पेडगावचा. घरी मेंढरं. आमच्याकडून परभणीला यायला सकाळची पॅसेंजर. जालन्याकडून यायची, मानवत रोडची आणि पाथरीकडची पोरं तिच्यात भरलेली असायची, पेडगावला आम्ही घुसायचो. म्हणजे निम्मं कॉलेज त्या एका गाडीत. आणि गाडी रोज लेट. निजामाच्या राज्यातही लेट, स्वराज्यातही लेट.

प्रिन्सिपल साहेब कॉलेजच्याच आवारात राहायचे. घरातून वर्गात यायला त्यांना अंगण ओलांडावं लागायचं. त्यांनी ठरवलं की शिस्तीशिवाय वातावरण नाही. घंटा झाली की गेट बंद. गेटावर नबीभाई. पूर्वी कुठल्याशा कचेरीत शिपाई होते, हुकूम म्हणजे हुकूम. साहेबांनी त्यांना आमच्यादेखत बजावलं, "घंटेनंतर कोणीही येवो, गेट बंद. मी स्वतः सांगितलं तरी उघडायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी आम्ही धावत आलो. गेट बंद.

"नबीभाई, गाडी लेट होती!"

"हौ बाबा, मालूम है. मैं बी गाडी की सीटी सुना. लेकिन घंटा हो गई."

"मग आम्ही काय करायचं?"

"कल आओ."

उद्याही तेच. परवाही तेच. वर्षाअखेर हजेरी मोजली आणि माझं नाव रजिस्टरातून काढलं. बाकीच्यांनी गयावया करून, कुणाच्या मामाची चिठ्ठी आणून स्वतःची नावं वाचवली. मी स्वाभिमानी! मी प्रिन्सिपल साहेबांना तोंडावर म्हणालो, "साहेब, माझं नाव काढण्यापेक्षा गाडीचं नाव काढा." वाक्य फार गाजलं. त्या वाक्यानं माझा घात केला. साहेब म्हणाले, "आता मी आहे तोवर तू परत नाही."

घरी माझ्या बाला सांगितलं. तो मेंढरू कातरत होता. हात न थांबवता म्हणाला, "माझ्या कळपात घंटी वाजली की मेंढरं जवळ येतेत. तुमच्या कालेजात घंटी वाजली की पोरं भायेर ऱ्हातेत. आसलं कसलं रे राखणं?"

त्यानं मेंढरू दुसऱ्या कुशीवर वळवलं.

"दसऱ्याला कळप हालल. तवर नाव लागलं तर शिक. न्हाई लागलं तर काठी घे नि माझ्यामागं चल."

मला मेंढरांची लाज नव्हती. पण मला शिकायचं होतं. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. बंडखोराला असलं काही बोलता येत नाही.

* * *

मग मी संप केला.

गेटासमोर कडुनिंब आहे, त्याच्या पारावर उभा राहून मी भाषण ठोकलं. आतल्या म्हाताऱ्यांनो, हे चालणार नाही! उद्या एकही विद्यार्थी वर्गात पाऊल ठेवणार नाही! पोरं पेटली. दुसऱ्या दिवशी गाडीची सगळी पोरं गेटाबाहेर बसली. कडकडीत मौन. आत आमची वेळेवर येणारी गावातली पोरं नेहमीसारखी शिकत होती. त्यांना कळवायचं राहिलं होतं.

घंटा झाली. गेट बंद झालं. आम्ही बाहेर. दुपार झाली तरी कुणी विचारायला येईना. शेवटी नबीभाई गजांजवळ आले. आता वाटाघाटी!

"क्या बाबा, तबियत ठीक नहीं क्या आज? रोज कितना चिल्लाते, आज एकदम चुप?"

* * *

संप फसला, पण त्यातून एक चांगली गोष्ट निघाली. नुसतं बसून कंटाळा आला तेव्हा कळलं, की गणिताच्या वर्गाची खिडकी कडुनिंबाकडं उघडते. मुरली आता स्टेशनाजवळ मावशीकडं राहायचा, म्हणून वेळेवर आत असायचा. त्याला खिडकीशी बसवलं. सर इंग्रजीतून बोलायचे, मुरली ते तोडकंमोडकं बाहेर फेकायचा, आणि मी मातीत काडीनं आकृती काढून पोरांना आमच्या भाषेत सांगायचो. थोडं मराठी, थोडं उर्दू. त्रिकोण म्हणून कळला नाही तर मुसल्लस म्हणायचं. कोन म्हणून डोळे उघडले नाहीत तर जाविया. लगेच, "हां हां! मग असं सांग की!"

चमत्कार म्हणजे मलाही कळायला लागलं. वर्षभर आत बसून (जेव्हा केव्हा बसलो तेव्हा) जे शिरलं नाही, ते बाहेर शिरलं. पुढं पुढं गावातली दोन पोरं मुद्दाम उशिरा यायला लागली.

नाव मात्र लागत नव्हतं. दसरा जवळ आला. बानं माझ्यासाठी काठी तासून ठेवली.

* * *

आता शेवटचं.

विद्यापीठाची कमिटी येणार होती. कमिटीनं पसंत केलं तर कॉलेज राहणार, नाहीतर पुन्हा जिनिंग. आतल्या अंगणात केळीचे खांब, सनईवाले, भाऊसाहेब जरीच्या फेट्यात. कमिटी दुपारी मोटारीनं यायची होती. नबीभाईंना साहेबांनी पुन्हा बजावलं, "आज तर विशेष शिस्त!"

मोटार आदल्या रात्री जालन्यालाच बंद पडली. कमिटीनं सकाळची पॅसेंजर धरली.

आम्हाला काय माहीत? स्टेशनावर आमच्याबरोबर तीन म्हातारे उतरले. एक कोटवाले, एक टोपीवाले आणि एक पांढऱ्या शेरवानीतले. टांगा नव्हता. म्हणाले, कॉलेज कुठं? म्हटलं, चला, आम्हीही तिकडंच उशीर करायलाव. शेरवानीवाल्यांची पेटी मी घेतली.

गेट बंद.

कोटवाले म्हणाले, "उघडा. आम्ही कमिटी."

मी पेटी हळूच खाली ठेवली. नबीभाई शांत. "होंगे साहब. घंटा हो गई."

"अहो, आम्ही तपासायला आलो आहोत!"

"कल आओ."

कोटवाले लालभडक झाले. शेरवानीवाले मात्र हसायला लागले. ते कमिटीचे अध्यक्ष. मला म्हणाले, "मियाँ, तुम लोग रोज क्या करते हो?"

"झाडाखाली बसतो, जी."

"तो चलो."

बसले! मुळावर रुमाल टाकून अध्यक्ष बसले, मग झक मारत बाकीचे दोघं. तेवढ्यात खिडकीतून मुरली ओरडला, "आज त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून दोन काटकोन! का ते मला बी कळलं न्हाई, तूच बघ!" मी मातीत मुसल्लस काढला, त्याच्या डोक्यावरून एक सरळ रेघ ओढली, आणि घाबरत घाबरत सांगायला लागलो. जाविया शब्द ऐकला आणि अध्यक्षांनी माझ्या हातातली काडीच घेतली. अर्धं मी सांगितलं, अर्धं त्यांनी. टोपीवाल्यांनी शंका विचारली, तिचं उत्तर पोरांनी दिलं.

"शाबाश! किस जमात में हो?"

"कुठल्याच वर्गात नाही, जी. नाव काढलंय माझं."

हसण्याचा आवाज आत गेला असावा. प्रिन्सिपल साहेब हार घेऊन धावत आले, मागं फेटा सावरत भाऊसाहेब. "नबी, गेट उघड!"

"आपही बोले थे साहब. आप बोले तो बी नक्को खोलना."

शेवटी साहेबांनी गजांतून हात काढून अध्यक्षांच्या गळ्यात हार घातला. अध्यक्षांनी गजांतूनच साहेबांचा हात धरला, माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाले, "इस लडके का नाम लिखिए. और सुनिए, आप के कॉलेज में पढने का असली माहौल इस नीम के नीचे है."

"अवश्य! अवश्य!" साहेब म्हणाले.

कॉलेज पसंत झालं. माझं नाव लागलं. बानं काठी कोपऱ्यात ठेवली आणि दसऱ्याला एकटाच कळपामागं गेला.

म्हातारी माणसं आमचं ऐकत नाहीत, पण आपल्याहून म्हाताऱ्याचं फार मनावर घेतात. दिवाळीच्या सुट्टीत भाऊसाहेबांनी स्वतः उभं राहून कडुनिंबाभोवती पुरुषभर उंच भिंत बांधून घेतली. खोडाला फळा ठोकला. भिंतीला लोखंडी गेट बसवलं. वर पाटी लावली, 'वातावरण'.

सुट्टी संपली. मी नव्या वह्या घेतल्या, इंग्रजी बाजूनं उघडणाऱ्या. सदरा धुतलेला. पेडगावला गाडीत बसलो. गाडी नेहमीसारखी लेट. स्टेशनापासून पळत सुटलो. आतून गणिताच्या सरांचा आवाज येत होता, कडुनिंबाची पानं भिंतीवरून हलत होती.

नव्या गेटावर नबीभाई स्टूल टाकून बसले होते.

"नबीभाई, माझं नाव लागलंय! झाडाखाली जायचंय!"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. खरंच वाईट वाटलं त्यांना.

"मुबारक हो बाबा," ते म्हणाले. "लेकिन घंटा हो गई."