मामांच्या ताऱ्यापुढचं प्रश्नचिन्ह

ऑफिसात तिला सगळे शंकाताई म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तिला पगारच मुळी शंका घेण्याचा मिळत होता. पृथ्वीभोवती फिरणारी एक दुर्बीण सगळं आकाश चाळत असे आणि कुठे क्ष-किरण एकाएकी वाढले की शंकाताईच्या पडद्यावर लाल ठिपका उमटे. हे किरण हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून दुर्बीण वर धाडायची. ठिपका खरा की उपकरणाचा चावटपणा, आणि खरा असला तर कुणाचा, हे ठरवून इतर वेधशाळांना सूचना पाठवायची, हे तिचं काम. बहुतेक ठिपके जोडताऱ्यांचे असत. जोडीतला एक तारा एवढासा पण महाहावरट. तो दुसऱ्याचा वायू ओढून भोवती साठवत राहतो आणि एक दिवस सगळा एकदम गिळायला लागतो. त्या गडबडीत वायू असा काही तापतो की क्ष-किरणांचा भडका उडतो. काही जोड्या दर दोन-चार वर्षांनी भडकतात, तर काही निम्मं आयुष्य गेलं तरी हूं की चूं करत नाहीत.

असाच एक मुका तारा मामांचा होता. मामा म्हणजे तिचे सख्खे मामा; त्यांचंच बघून ती या धंद्यात पडली. तरुणपणी एका जुन्या उपग्रहाच्या नोंदींत त्यांना हा भडका सापडला, त्यात तारा स्वतःभोवती फिरताना ठरावीक अंतराने पडणारे किरणांचे ठोकेही सापडले. पण भडका विझला, पाठोपाठ उपग्रहही बंद पडला, आणि पुन्हा तपासायची सोयच उरली नाही. यादीत ताऱ्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह बसलं. "यंत्राची खरखर असेल," असं मोठमोठे लोक तोंडावर म्हणाले, आणि मामांनी ते हसण्यावारी नेलं. मामी मात्र अजून म्हणत, "सवत आणली ती आणली, तीही तोंड न दाखवणारी!"

एका सकाळी ठिपका उमटला तो नेमका आकाशाच्या त्याच भागात. पण त्या दुर्बिणीला जागा ढोबळच कळे, आणि तेवढ्या जागेत शेजारी आणखी एक जोडी होती, नेहमी भडकणारी. अशा वेळी बारीक नजरेची दुसरी दुर्बीण तिकडे वळवून घ्यायची असते. त्या दुर्बिणीचा वेळ कुणाला किती हे ठरवणारा सहकारी, ज्याला सगळे वाटपसाहेब म्हणत, जिभेने भलताच तिखट. 'भाचीने मामासाठी दुर्बीण वळवली' हे त्याचं वाक्य तिला आधीच ऐकू आलं. भडका शेजाऱ्याचाच आहे, असं लिहून तिने सूचना पाठवली आणि हात झटकले.

रविवारी ती मामांकडे गेली. मामी चहा टाकत होत्या. मामांनी तिच्या लॅपटॉपवरचा आलेख पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"हा शेजारी?"

"हो."

"अगं, तो भडकला की मधूनमधून फटाके फुटल्यासारखा लखलखतो. इथे एक तरी लखलखाट दिसतोय का? आणि हे किरण बघ केवढे कडक, त्याचे इतके नसतात. ठोके शोधलेस?"

"नाही."

"का?"

शंकाताईने मान खाली घातली. "तुमचाच निघावा असं फार वाटत होतं, मामा. म्हणून भीती वाटली."

मामा जन्मात पहिल्यांदा तिच्यावर चिडले. "माझ्यावर अन्याय केलास तर एक वेळ चालेल. पण ताऱ्यावर? त्याने काय घोडं मारलंय तुझं?"

"आधी चहा घ्या," मामी म्हणाल्या, "मग भांडा."

भडका उतरणीला लागला होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर तारा पुन्हा मुका झाला असता, आणि पुढच्या भडक्याला मामा असतील असं काही धरून चालता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती वाटपसाहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"माझी सूचना चुकली असावी. दुर्बीण हवी आहे. आणि तारा माझ्या मामांचा आहे, हे आधीच सांगते."

"ते इथे भिंतींनाही ठाऊक आहे," तो म्हणाला. "ठिपका उमटल्यापासून तुमच्यासाठी वेळ राखून बसलोय. इतका सोवळेपणा आम्हाला परवडत नाही, शंकाताई."

दुर्बीण वळली. शेजारी गाढ झोपलेला होता. भडका बरोबर मामांच्या ताऱ्यावर होता. ठोकेही सापडले, फक्त मामांच्या आकड्यापेक्षा केसभर जलद. तिला पुन्हा शंका आली. पण वायू गिळताना हा तारा स्वतःभोवती जास्त वेगाने फिरू लागतो, तेव्हा एवढा फरक सहज पडतो. तिने सगळं उलटसुलट तपासलं आणि पहिली सूचना आपल्या हातून चुकली, असं स्पष्ट लिहून दुसरी पाठवली. प्रश्नचिन्ह गेलं.

मग तिने मामांना फोन लावून ती सूचना अक्षर न् अक्षर वाचून दाखवली.

"अगं, तुझे मामा हसताहेत की रडताहेत तेच मला कळेना," मामींचा आवाज आला.

मग मामा बोलले, अगदी हळू. "म्हणजे... मला तेव्हा नीट दिसलं होतं?"

इतकी वर्षं ती शंका मामांनाही होती, हे तिला आत्ता कळलं.

"अगदी नीट दिसलं होतं, मामा," ती म्हणाली.