वाचक एक

राजेंद्र देवरे आपण होऊन कुणाच्या दारात जात नसत. सिल्वासाच्या एका धाग्याच्या कारखान्यात ते मेंटेनन्स मॅनेजर. मशीन बिघडलं की लोकच त्यांच्याकडे धावत येत, आणि जगाची रीत हीच असावी असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून फीड रीडर त्यांना मनापासून आवडला. आवडत्या साइट्स एकदा त्यात टाकल्या, की तिथलं नवं लिखाण आपसूक यांच्या मोबाइलवर हजर. कुठं जायला नको की यायला नको.

क्रिकेट, हवामान, पंप-मोटारी आणि सगळ्यात खाली अमृताची साइट. ही त्यांची लेक. "इंजिनिअर होऊन मडकी घडवणार?" असं ते एकदा बोलून गेले, आणि ती पुण्याला जाऊन खरंच मडकी घडवू लागली. तेव्हापासून अबोला. आधी तिनं फोन करावा, असं यांचं म्हणणं. तोवर दुपारी डबा उघडला की पहिल्यांदा तिचं लिखाण वाचायचं, मग पोळीला हात लावायचा. भट्टीत तडकलेली भांडी, तिथली माती, तिचा खोकला. तेवढ्यावर बापाचं भागत होतं.

एके दुपारी तिनं लिहिलं, 'इथं कुणी फिरकतच नाही. आकडा रोज शून्य. रविवारी साइट बंद करतेय.'

राजेंद्र भडकले. कॉम्प्युटर विभागातल्या अपर्णाला त्यांनी बोलावून घेतलं.

"शून्य कसं? मी रोज वाचतो!"

"रीडरमध्ये ना, सर? ते तिकडं मोजलं जात नाही. साइटवर स्वतः जावं लागतं."

"स्वतः?"

"हो, सर."

डबा तसाच राहिला. राजेंद्र पहिल्यांदाच लेकीच्या साइटवर गेले. रीडरमध्ये नुसती अक्षरं यायची. इथं वर फोटो होता: सिल्वासाजवळच्या दुधनीच्या पाण्याकाठी चिखलात हात घालून बसलेली लहानगी अमृता, आणि मागं छत्री धरून उभे ते स्वतः. त्यांना रडू आलं. ऑफिसात असं करायची त्यांना सवय नव्हती.

खाली प्रतिक्रियेची चौकट होती. त्यांना एकच प्रकार लिहिता येई, बिघाडाचा रिपोर्ट. तोच लिहिला: 'मोजणीत दोष आहे. वाचक एक, पहिल्यापासून चालू. साइट बंद करू नये. – रा. देवरे, मेंटेनन्स.'

प्रतिक्रियेचं उत्तर काही रीडर आणून देत नव्हता. ते पाहायला राजेंद्र त्या दुपारी इतक्यांदा साइटवर गेले, की अमृताच्या आकड्यानं उच्चांक गाठला. संध्याकाळी उत्तर आलं: 'दोष मान्य. दुरुस्तीला या, बाबा.'

रविवारी सकाळी पुण्यात एका दाराची बेल वाजवून राजेंद्र देवरे बाहेर उभे राहिले.