पहारेकऱ्याचा खोकला
वणीच्या खाणींतून घरात येणारी कोळशाची काळी धूळ सोफ्याखालून झाडताना वीस बाजूंचा फासा सापडला आणि खेळातली ती दुपार आठवली. लेक गोष्ट रचून सांगायची, आम्ही घरचे त्यातली पात्रं होऊन खेळायचो. त्या दिवशी गोष्टीत किल्ल्याच्या दाराशी एक म्हातारा पहारेकरी बसला होता. मी त्याला सोनं देऊ केलं, वर घोडाही देऊ केला, शेवटी भडकलो. "काहून अडवून राह्यला हा? सांग ना उत्तर, माय!" लेक पेचात पडली: सांगितलं तर खेळाची मजा गेली, नाही सांगितलं तर बाप उठून जाणार. मग ती त्या म्हाताऱ्यासारखी खोकली. माझ्या तोंडून निघालं, "पाणी देऊ काय तुले?" ती हसली आणि किल्ल्याचं दार उघडलं. आज भिंतीपलीकडे भाऊ सकाळपासून खोकतो आहे. घराच्या वाटणीत त्यानं मला फसवलंच, ते मी विसरणार नाही. तरी तांब्या भरून घेतला आहे.