कूलरसमोरची दहा मिनिटं

"समस्त पालकवर्ग, बालकवर्ग आणि गेटसमोर विनाकारण गाडी लावणारा वर्ग, यांस या जाहीर निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आजपासून ज्या बालकाचे कपाळ गरम आढळेल, त्या बालकास त्याच्या कपाळासह घरी परत पाठविण्यात येईल. कपाळ ठेवून घेतले जाणार नाही."

हे निवेदन मीच लिहिलं आणि मीच वाचलं. अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका शाळेच्या गेटवर, प्लास्टिकच्या स्टुलावर उभी राहून, एका भाजीवाल्याचा भोंगा शिबिरापुरता मागून. पालक मास्कच्या आत हसले. हसताना मास्क फुगतो, ते मला वरून दिसत होतं, आणि मला फार बरं वाटत होतं. दोन उन्हाळे माझं मुलांचं नाट्यशिबिर झालं नव्हतं. तिसऱ्या उन्हाळ्यात परवानगी मिळाली आणि मी अमरावतीहून पेटी भरून निघाले. माझं माहेर जठारपेठेतलंच. घर मागच्या उन्हाळ्यापासून बंद होतं. का बंद होतं, हे त्या वर्षी कुणी कुणाला विचारत नव्हतं.

बावीस मुलं होती. नियम मी असे केले होते की सरकारने शिकायला यावं. खिडक्या उघड्या, सतरंज्या तीन-तीन हातांवर, ज्याची बाटली त्याच्याच तोंडाला, आणि मामांच्या खुर्चीभोवती खडूने काढलेलं मोठं रिंगण. त्या रिंगणात कुणी जायचं नाही.

आता मामा कोण, ते सांगते. माझे सख्खे मामा नांदगाव खंडेश्वरजवळच्या खेड्यात भाजीपाला पिकवतात आणि तरुणपणी दंडारीत नाचायचे. दंडार म्हणजे आमच्याकडचं गावातलं नाचगाण्याचं नाटक. मामा त्यात वाघ व्हायचे. त्यांनी डरकाळी फोडली की गोठ्यातले बैल दावं ओढायचे, असं सगळं गाव सांगतं. मागच्या वर्षी हेच मामा अमरावतीच्या एका दवाखान्यात एकवीस दिवस ऑक्सिजनवर होते. घरी सोडताना डॉक्टरांनी मामीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फुप्फुसं अर्धीच कामाची राहिलीत, पुन्हा झालं तर आम्ही काही सांगू शकत नाही.

तेव्हापासून मामा भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी शिबिराचं बोलले तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी मान वळवली. खरं सांगायचं तर मी काही त्यांची मान वळवायला गेले नव्हते. दोन वर्षं मोबाइलमध्ये बुडालेली मुलं तोंड उघडत नव्हती, आणि मला माझा शेवटच्या दिवसाचा खेळ रंगवायचा होता. त्यासाठी मला मामा हवे होते.

मामी भेंडी तोडत होत्या. टोपलीवरून मान वर न करता म्हणाल्या, "पोरी, माणूस देऊन राहिली तुले. माणूसच वापस पायजे."

"मामी, त्यांच्या आसपास ताप फिरकणार नाही. बंदूक घेतली मी."

"बंदुकीनं काय व्हते?"

"कपाळावर धरली की ताप कळते."

"कळन तं बरं," मामी म्हणाल्या, आणि पुढच्या सरीत गेल्या.

पहिल्या दिवशी साडेआठला बंदूक निघाली. अकोल्याचं मे महिन्यातलं साडेआठचं ऊन म्हणजे इतर गावांतली भर दुपार. मुलं सायकलींवरून, स्कूटरच्या पुढ्यात उभी राहून, लाल होऊन आली. पहिलं कपाळ एकशे एक. दुसरं एकशे एक पूर्णांक पाच. तिसरं शंभर. बावीसांपैकी सोळा जणांना ताप. मी शाळेच्या भिंतीवर बंदूक धरली, भिंतीलाही ताप होता. गेटच्या कुलपावर धरली, तर यंत्राने आकडा दाखवायचंच सोडून दिलं. पालक कुजबुजायला लागले. एक बाई म्हणाल्या, "इतक्या पोरांले ताप आहे तं मी माह्या पोराले घेऊन जातो." त्यांच्या मागे आणखी दोघी वळल्या. शिबिर सुरू होण्याआधीच बंद पडत होतं.

पालकांमध्ये एक डॉक्टर होते. ते म्हणाले, उन्हातून आलेल्या मुलाला दहा मिनिटं सावलीत बसवा आणि मग मोजा. सल्ला सोपा होता. पण सोप्या गोष्टीवर मला समाधान नसतं. सावलीत बसवायचं तर कूलरसमोर का नाही? कूलरसमोर बसवायचं तर ओल्या फडक्याने कपाळ पुसायला काय हरकत आहे? व्हरांड्यात पत्र्याचा मोठा कूलर होता, वाळ्याच्या नव्या ताट्या लावलेला, मोटार सुरू केली की आगगाडीसारखा धडधडणारा. त्याच्यासमोर बाक टाकला. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आधी गार व्हा, मग कपाळ दाखवा." दहा मिनिटांनी बावीसच्या बावीस कपाळं सत्त्याण्णवच्या आसपास आली. आकडे मी सुवाच्य अक्षरात वहीत लिहिले आणि रोज पालकांच्या ग्रुपवर त्या पानाचा फोटो टाकायला लागले. ते पान इतकं सुंदर दिसायचं की मी स्वतःच ते पुन्हा पुन्हा बघायचे.

बाकावर ओळीने बसून डोळे मिटून वारा खाणारी मुलं पाहून मामांना खेळ सुचला. सेमाडोहच्या जंगलातला वाघ उन्हाने हैराण होतो आणि अकोल्याच्या बाजारात कूलर घ्यायला येतो. दुकानदार पळून जातो, गिऱ्हाइकं झाडावर चढतात आणि वाघ आपला शांतपणे कूलरसमोर बसून राहतो. मुलं हसून लोळली. मामाही हसले. त्यांचं हसू मी वर्षभराने ऐकलं. शेवटी थोडा खोकला आला, पण तो जुनाच होता.

वाघ कुणी व्हायचं यावर भांडण झालं. सगळ्यांना डरकाळी फोडायला लावली आणि एक दहा वर्षांची मुलगी निवडली गेली. दोन घट्ट वेण्या, आवाज तिप्पट. तिचे वडील बाजारात फुलं विकायचे, म्हणून ती आली की मोगऱ्याचा वास यायचा. मामा तिला "वाघीणबाई" म्हणायचे, ती त्यांना "आबाजी". मास्कमधून डरकाळी कशी यायची? मांजराची यायची. म्हणून मामांनी रिंगणात बसून स्वतःचा मास्क खाली केला आणि पोटातून आवाज कसा काढायचा ते दाखवलं. तिनेही मास्क खाली केला. आधी तीन हातांवरून. मग दोन. खडूची रेघ पायांनी हळूहळू पुसत गेली. मी रोज सकाळी ती नव्याने काढायचे आणि दुपारी पुसलेली बघायचे. बघायचे आणि वहीकडे वळायचे. वहीत सत्त्याण्णव होतं.

सातव्या दिवशी एक मुलगा आला नाही. आजोबांना ऊन लागलंय, असा निरोप होता. आठव्या दिवशी आणखी दोघं आली नाहीत. त्यांनाही ऊन लागलं होतं. आमच्याकडे मे महिन्यात डोकं दुखलं तरी ऊन, पोट बिघडलं तरी ऊन, आणि माणूस दोन दिवस उठला नाही तरी ऊनच. लोकांनी त्या दुसऱ्या आजाराचं नाव घ्यायचं सोडलं होतं. दुपारी रस्त्यावर माणूस नसायचा आणि लांबून एखादा सायरन वाजला की मुलं बोलता बोलता थांबायची, आवाज कुठल्या बाजूला जातोय ते ऐकायची आणि पुन्हा खेळायला लागायची. दोन वर्षांत त्यांना ते न शिकवता आलं होतं.

त्याच आठव्या दिवशी वाघीणबाई सगळ्यांच्या आधी आली आणि कूलरला अगदी चिकटून, जाळीवर कपाळ टेकवून बसली.

"काकू, मले लय गरम लागून राहिलं," ती म्हणाली.

मी भोंग्यातून जाहीर केलं, "सेमाडोहच्या वाघाला गरम लागणारच! वाघ महाशय, आधी गार व्हा, मग कपाळ दाखवा!"

सगळी हसली. ती पण हसली. मला वाटलं, काय भूमिकेत शिरलीय पोरगी. ती वीस मिनिटं तशीच बसली होती. मी बंदूक धरली. सत्त्याण्णव पूर्णांक एक. वर्गात सगळ्यांत कमी. मी वहीत तिच्या आकड्यापुढे एक छोटा वाघ काढला.

दहाव्या दिवशी सकाळी, माहेरच्या ज्या घरात आम्ही दोघं उतरलो होतो तिथे, मामा चहाला उठले नाहीत. मी खोलीत गेले. उन्हातून न आलेलं, सावलीतलं कपाळ. बंदूक धरली, एकशे एक. पुन्हा धरली, एकशे एक पूर्णांक चार. माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बंदूक बिघडली, हा तो विचार. मी मामांना हाताला धरून बैठकीतल्या कूलरसमोर खुर्चीत बसवलं. ओलं फडकं कपाळावर फिरवलं. दहा मिनिटांनी बंदूक धरली. अठ्ठ्याण्णव.

मी खूश झाले. खरंच झाले, मिनिटभर. "बघा, काही नाही. गरमी होती."

 मामांचे दात वाजत होते. मे महिन्यात, अकोल्यात. मी त्यांच्या शर्टाखाली पोटावर हात ठेवला आणि काढून घेतला. तव्याला लागल्यासारखा काढून घेतला. त्या खुर्चीसमोर उभं राहून मला दहा दिवसांची सगळी सत्त्याण्णवं एकदम दिसली. एकही आकडा कुठल्या मुलाचा नव्हता. सगळे कूलरचे होते.

दवाखान्यात नाकात काडी घातली, अर्ध्या तासात उत्तर आलं, तोच आजार. बोटाच्या चिमट्यावर ऑक्सिजनचा आकडा एक्याण्णव होता, संध्याकाळपर्यंत अठ्ठ्याऐंशी झाला. आत रुग्णाशिवाय कुणालाच सोडत नव्हते. मी बाहेरच्या बाकावर बसून बावीस घरी फोन लावले. काखेत काचेचा थर्मामीटर लावा, तपासणी करून घ्या, घराबाहेर पडू नका. भोंगा नव्हता, त्यामुळे माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. संध्याकाळपर्यंत सहा मुलं बाधित निघाली. वाघीणबाई त्यांत होती.

तिची आई फोनवर म्हणाली, "तीन-चार दिस झाले, रातच्याले अंग तापे तिचं. आमाले वाटलं, ऊन लागलं. अन् तुमच्या वहीत तं रोज सत्त्याण्णव होतं न बाई. म्हून आमी धाडत गेलो."

मी म्हणाले, "हो."

रात्र व्हायच्या आत मामी भाजीच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून अकोल्याला पोचल्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. पदराला दोन गाठी मारल्या. मग विचारलं, "कोनाकून आलं?"

"हवेतून, मामी. हवेत आहेच सगळीकडे."

"हवा तं आमच्या वावरातई आहे," मामी म्हणाल्या. एवढंच. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी आयुष्यभर बोलत आले आहे. लग्नात, बारशात, रांगेत, बसमध्ये. त्या बाकावर नऊ दिवस बसले आणि मामींना खरं सांगायचं एक वाक्य मला जमलं नाही. आकडा शहाऐंशीला गेला तेव्हा जमलं नाही. एका सकाळी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला बाहेर आणलं, पांढऱ्या कापडात, आणि मामी उठून उभ्या राहिल्या, कोण आहे ते दिसेपर्यंत श्वास न घेता उभ्या राहिल्या, तेव्हाही जमलं नाही. आकडा नव्वदवर आला तेव्हा जमेल असं वाटलं. मग वाटलं, आता कशाला?

दवाखान्यातल्या दहाव्या दिवशी मामा चाकाच्या खुर्चीतून बाहेर आले. गालांची हाडं वर आलेली, हात मांडीवर ठेवलेले. लसीच्या तीन सुया झाल्या होत्या, त्यांनी राखलं, असं डॉक्टर म्हणाले. मामी त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि खुर्चीचे दांडे स्वतःच्या हातात घेतले. माणूस वापस मिळाला होता.

गेटजवळ वाघीणबाई वडिलांचा हात धरून उभी होती. तिचा ताप केव्हाच उतरला, असं वडिलांनी मामींना सांगितलं. वडिलांनी पुड्यात मोगरा आणला होता आणि तो कुणाला द्यायचा हे त्यांना कळत नव्हतं. मामांनी तिला पाहिलं, बसल्या जागी ताठ झाले, तोंड उघडलं. डरकाळीच्या जागी सायकलच्या चाकातून हवा सुटावी तसा आवाज आला. ते पुन्हा करायला गेले, तर खोकला आला. मग ते नुसतेच तिच्याकडे बघून मान हलवत राहिले. पोरीच्या डोळ्यांत पाणी जमलं.

मामी तिच्यासमोर खाली बसल्या. रागावल्या नाहीत. त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

"बेटा, ताप होता तं घरी कावून नाई राह्यली? कोनाले सांगायचं तरी."

मी मामींच्या पाठीमागे होते. मास्क डोळ्यांपर्यंत ओढला आणि भुवया, मान, दोन्ही हात, जवळ होता नव्हता तेवढा सगळा अभिनय लावून त्या पोरीला विनवलं, की नको, आत्ता नको, इथे नको. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे, आणि हुंदका आवरत, मामांनी शिकवलेल्या त्या पोटातल्या आवाजात, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं ओरडली,

"सांगतलं होतं मी! काकूच म्हणे, आधी गार व्हय, मंग कपाळ दाखव!"